अनुदान यंत्राच्या तासाला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात नवी मुंबईत २५० एकरांवर इनोव्हेशन सिटी उभारण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी नवे स्टार्टअप, उद्योजकता व नाविन्यता धोरण आले आणि ५०० कोटींचा मुख्यमंत्री महाफंड जाहीर झाला. पैशाची तरतूद होते आहे, ही चांगलीच गोष्ट. पण अशा पैशाचा मोठा वाटा आपल्याकडे जमीन, इमारत, काचेचा दर्शनी भाग आणि उद्घाटनाची कोनशिला यांत जातो, आणि यंत्र चालवायची वेळ येते तेव्हा तिजोरीत काही उरत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या लघुउद्योगांच्या बाजूने या अनुदानाची रचना कशी असावी, याबद्दल थोडे सविस्तर लिहायचे आहे. पत्र लांबले आहे. आकडे दिल्याशिवाय हा विषय समजत नाही, म्हणून.

एमआयडीसीची स्थापना १९६२ ची आणि तिची सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून. पुढे दिघ्यापासून नेरुळपर्यंत ठाणे-बेलापूर पट्टा वसला. आज वागळेत जुन्या कारखान्यांच्या जागी आयटी पार्क उभे आहेत, ऐरोली-रबाळे-महापे भागात मोठ्या भूखंडांवर डेटा सेंटर आली आहेत. डेटा सेंटरला वीज भरपूर लागते, माणसे थोडी. तरीही आतल्या गल्ल्यांत शिरलात तर डाय बनवणारे, टर्निंगवाले, प्लास्टिक मोल्डिंगवाले, पॅनेल बांधणारे, पावडर कोटिंगवाले अजून आहेत, आणि एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. परदेशात ज्याला इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट, म्हणजे नवी वस्तू सुचवणारे, बनवणारे आणि तपासणारे एकाच परिसरात असलेला भाग म्हणतात, त्याचा अर्धा भाग इथे आपोआप झालेला आहे. एखाद्याला नवा पंप, नवा सेन्सर किंवा रुग्णालयात लागणारे एखादे छोटे उपकरण बनवायचे असेल, तर सकाळी दिलेला सुटा भाग संध्याकाळी तयार होऊन हातात पडू शकतो.

अडते ते पुढे. तो भाग नेमका मोजून, हलवून, तापवून, भिजवून आणि गंजवून बघायची सोय जवळ नाही, किंवा आहे ती मोठ्या कंपन्यांच्या आतल्या प्रयोगशाळेत. छोट्या माणसाला तिथे प्रवेश नसतो.

म्हणून आमचा पहिला आग्रह थोडा उलटा वाटेल: सरकारी पैशातून व्हीएमसी आणि सीएनसी लेथ, म्हणजे धातू कापून सुटे भाग घडवणारी संगणकचालित यंत्रे, घेऊ नका. सामायिक सुविधा केंद्राचा, म्हणजे अनेक उद्योगांनी शुल्क भरून वापरायच्या यंत्रकेंद्राचा, कुठलाही प्रकल्प अहवाल उघडा, यंत्रांच्या यादीत व्हीएमसी वरच्या दोन-तीन ओळींत सापडतो. रबाळे आणि पावणे इथल्या गाळ्यांत जॉबवर्क करणारे व्हीएमसी पुरेसे आहेत, आणि त्यांचे मालक बँकेचे हप्ते भरून ते चालवतात. त्यांच्या शेजारी सरकारी अनुदानाचा, स्वस्त दराचा व्हीएमसी बसवला की नव्या उद्योजकाला चार पैसे वाचतील, पण जुने चार जॉबवर्कवाले मोडतील. जे बाजारात मिळते ते बाजारातून घ्यावे. अनुदान लागावे ते जे एकट्याला परवडत नाही आणि ज्याचा रोज उपयोग नाही, अशा यंत्रांना.

मग काय घ्यावे? आजच्या बाजारातले ढोबळ भाव, जीएसटी न धरता, असे: सुट्या भागाची मापे मायक्रॉनपर्यंत घेणारे मध्यम आकाराचे सीएमएम ३० ते ३५ लाख. व्हिडिओ मापन यंत्र १० लाखांच्या आसपास. कंपन चाचणीचा शेकर ३५ लाख. तापमान-आर्द्रता कक्ष १० ते १२ लाख. गंज तपासणारा सॉल्ट स्प्रे कक्ष तीन लाखांत येतो. धूळ-पाणी चाचणीची सामग्री आठ लाख. ताण चाचणीचे यंत्र सात लाख. सर्किट बोर्डावर थोड्या संख्येत सुटे भाग बसवण्याची छोटी लाइन, म्हणजे स्टेन्सिल प्रिंटर, पिक-अँड-प्लेस आणि रिफ्लो ओव्हन, मिळून २५ ते ३० लाख. रेझिन आणि फिलामेंटचे थ्रीडी प्रिंटर १४ लाख. ८० टनी इंजेक्शन मोल्डिंग यंत्र २० लाख, तारेने धातू कापणारे वायरकट १८ लाख. याखेरीज कंप्रेसर, एअर ड्रायर, स्टॅबिलायझर, यूपीएस, अर्थिंग, वातानुकूलन, गेज, फिक्स्चर आणि सुटे भाग यांना साठ-पासष्ट लाख वेगळे ठेवावे लागतात. एकूण अडीच कोटींच्या घरात सगळे बसते. हा शेवटचा, साठ-पासष्ट लाखांचा भागच अहवालातून गायब असतो. यंत्र येते, पण त्यावर वस्तू पकडायला फिक्स्चर नसते. शेकर येतो, त्यावर बसवायची अॅडाप्टर प्लेट नसते. मग ती प्लेट कोणी करायची, यावर दोन महिने पत्रव्यवहार.

इलेक्ट्रोमॅग्नेटिक चाचणीचा पूर्ण बंदिस्त कक्ष घेण्याचा मोह मात्र टाळावा. तो कोटींत जातो. इलेक्ट्रॉनिक उपकरणे तपासणारी केंद्र सरकारची ईआरटीएल (पश्चिम) ही प्रयोगशाळा अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. अशा प्रस्थापित प्रयोगशाळांशी करार करून तिथला वेळ घेणे शहाणपणाचे. आपल्या केंद्रात स्पेक्ट्रम अॅनालायझर आणि दोन-चार प्रोब असले तरी पूर्वतपासणी होते. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) सक्तीच्या नोंदणीसाठी शेवटचा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच लागतो, पण तिथे नापास होऊन परत येण्यात फीही जाते आणि नंबर लागेपर्यंतचे आठवडेही जातात. नापास होण्याची कारणे बहुधा साधी असतात. अर्थिंगचा मार्ग लांब पडलेला असतो, केबलला शील्ड नसते, पॉवर सप्लायचा फिल्टर गाळलेला असतो. हे आधी पकडता येते.

जागेचा प्रश्न किरकोळ समजला जातो, आणि तिथेच सर्वात महागडी चूक होते. सीएमएम २० अंश सेल्सिअसला मोजण्यासाठी बनलेले असते. खोलीचे तापमान एक-दोन अंशांपलीकडे हलले की मायक्रॉनमधल्या आकड्यांना अर्थ उरत नाही. ते हवेच्या बेअरिंगवर चालते, त्यामुळे हवेत तेल किंवा पाणी आले की खराब होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असते आणि पट्टा खाडीच्या काठाला. रेफ्रिजरंट ड्रायर आणि त्यामागे बारीक फिल्टर नसले तर पहिल्याच पावसाळ्यात दुरुस्ती निघते. आयटी पार्कच्या चौथ्या मजल्यावर हे यंत्र ठेवले, खाली प्रेसशॉप असला किंवा शेजारून ट्रेलर जात असले, तर ते चालेल, आकडेही देईल, फक्त ते खोटे असतील. शेकरला तर तळमजलाच हवा, इमारतीच्या पायापासून सुटा केलेला काँक्रीटचा ठोकळा हवा, त्याच्या कडेने फट हवी. सॉल्ट स्प्रेचा कक्ष ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सोडतो. तो सीएमएमच्या किंवा सर्किट बोर्डाच्या खोलीला लागून ठेवला की आपलीच यंत्रे गंजतात. त्याची बाहेर जाणारी हवा वेगळ्या नळीने काढावी लागते. वास्तुविशारदाने आधी सुंदर इमारत काढायची आणि मग यंत्रे कुठे मावतात ते बघायचे, हा क्रम बदलला पाहिजे. यंत्रांची यादी आधी, पाया आणि वीज नंतर, भिंती शेवटी.

विजेचेही तसेच. वर दिलेल्या यादीला साधारण १०० केव्हीए भार लागेल. गाळ्याचा मंजूर भार बहुतेकदा त्याच्या चौथ्या हिश्शाचा असतो. वाढीव भार मागितला की महावितरणला ट्रान्सफॉर्मरची क्षमता तपासावी लागते. क्षमता नसेल तर नवा बसवण्याचा खर्च आणि जागा दोन्ही आपल्याकडून. यात काही महिने सहज जातात. दरम्यान यंत्रे खोक्यांत. आणि यंत्राची हमी साधारणपणे चालू केल्यापासून १२ महिने किंवा कारखान्यातून निघाल्यापासून १८ महिने, यांतले जे आधी संपेल ते, अशी लिहिलेली असते. खोकी वर्षभर बंद राहिली तर हमीतले सहाच महिने हातात उरतात. वीज जोडणी मिळाल्याशिवाय यंत्राचा कार्यादेश निघू नये, एवढी एक अट घातली तरी पुष्कळ नुकसान टळेल. विजेचा दरही आधी ठरवून घ्यावा. केंद्राची नोंद वाणिज्य वापरात झाली तर बिल चढते. आयटी उद्योगांना जिल्हा उद्योग केंद्राच्या नोंदणीवर औद्योगिक दर मिळतो. तशीच स्पष्ट तरतूद चाचणी केंद्रांसाठी करून घेतली पाहिजे.

आता पैशाकडे. केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राला पाच ते दहा कोटींच्या प्रकल्पासाठी ७० टक्के आणि दहा ते तीस कोटींसाठी ६० टक्के अनुदान मिळते. राज्याचाही स्वतःचा औद्योगिक समूह विकास कार्यक्रम आहे. दोन्ही योजना चांगल्या आहेत, पण दोन्हींचा भर उभारणीवर आहे. चालवण्याचा खर्च उद्योजकांच्या संस्थेने, म्हणजे एसपीव्हीने, वापरशुल्कातून काढावा अशी अपेक्षा. कागदावर ती रास्त दिसते. प्रत्यक्षातले गणित करून पाहू.

सहा हजार चौरस फुटांचा गाळा, चौरस फुटाला ४५ रुपये भाडे धरले तर वर्षाला ३२ लाख ४० हजार. माणसे: व्यवस्थापक, दोन यंत्रचालक, मापन तंत्रज्ञ, इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ, देखभालवाला आणि हिशेब व भांडार पाहणारा, मिळून ३७ लाख. वीज १२ लाख. देखभाल करार आणि कॅलिब्रेशन यंत्रांच्या किमतीच्या पाच टक्के, साडेबारा लाख. सॉफ्टवेअरचे परवाने, रेझिन, तार, सोल्डर पेस्ट वगैरे १२ लाख. विमा, सुरक्षा, किरकोळ सहा लाख. बेरीज सुमारे १ कोटी १२ लाख.

उत्पन्न? शुल्क घेता येईल अशी दहा यंत्रे, एक पाळी, वर्षाचे ३०० दिवस: एकूण २४,००० तास. पहिल्या वर्षी २० टक्के वापर झाला तरी खूप झाले, कारण लोकांना केंद्र माहीत होण्यातच सहा महिने जातात. ४,८०० तास, सरासरी ५०० रुपये दराने २४ लाख. दुसऱ्या वर्षी ४० टक्के वापर, ४८ लाख. तिसऱ्या वर्षी ६० टक्के वापर आणि दर ६०० रुपये केला तर ८६ लाख ४० हजार. तूट अनुक्रमे ८८, ६४ आणि २६ लाख. तीन वर्षांत १ कोटी ७८ लाख, म्हणजे अडीच कोटींच्या यंत्रांच्या जवळजवळ ७० टक्के. हे पैसे कोणत्याच अहवालात दाखवलेले नसतात, कारण तूट दाखवली की प्रस्ताव 'व्यवहार्य नाही' म्हणून परत येतो. मग अहवाल लिहिणारा सल्लागार पहिल्याच वर्षी ७० टक्के वापर दाखवतो, समिती मान डोलावते, आणि दुसऱ्या वर्षी केंद्राला कुलूप लागते.

त्यात जीएसटीची एक गाठ आहे, ती फारच थोड्या सदस्यांना उभारणीआधी कळते. अडीच कोटींच्या यंत्रांवर १८ टक्क्यांनी ४५ लाख कर भरावा लागतो. यंत्रांवरच्या कराची वजावट मिळते (इमारतीच्या बांधकामावरच्या कराची मिळतच नाही, हेही इमारत न बांधण्याचे एक कारण), पण ती आपल्या विक्रीवरच्या करातूनच वळती होते. २४ लाखांच्या उत्पन्नावर कर होतो ४ लाख ३२ हजार. तीन वर्षांचे मिळून साडेअठ्ठावीस लाख. म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेरही संस्थेचे सोळा-सतरा लाख सरकारी खात्यात नुसते जमा दिसतात. भाडे, देखभाल, माल यांवरच्या कराची वजावट त्यात मिसळली की आणखी जास्त. भांडवली मालावरचा हा कर रोख परत मिळत नाही. खेळत्या भांडवलाच्या तक्त्यात ही रक्कम पहिल्या दिवसापासून धरली पाहिजे.

म्हणून अनुदानाचा एक भाग उभारणीला आणि दुसरा भाग वापरलेल्या तासांना जोडावा, ही आमची मुख्य सूचना. वरच्याच आकड्यांवर ते असे दिसेल: पहिल्या वर्षी ठरावीक ५० लाख आणि वापरलेल्या प्रत्येक तासामागे ८०० रुपये. दुसऱ्या वर्षी ठरावीक २५ लाख आणि तासाला ४००. तिसऱ्या वर्षी ठरावीक काही नाही, फक्त तासाला १८०. चौथ्या वर्षापासून शून्य. तेव्हा १६,००० तास ७०० रुपयांनी गेले की केंद्र स्वतःच्या पायावर उभे राहते. या रचनेत सरकारचे एकूण १ कोटी ७८ लाखच जातात, पण दुसऱ्या वर्षी वापर ४,८०० तासांवरच अडकला तर अनुदान ६३ लाखांऐवजी ४४ लाखच मिळते. संचालकांना गिऱ्हाईक शोधत गल्लोगल्ली फिरावेच लागते. आजच्या पद्धतीत इमारत पूर्ण झाल्याचा दाखला दिला की हप्ता मिळतो, मग आत यंत्र चालो वा न चालो.

तासांवर पैसे म्हटले की खोटे तास आलेच. रिकामे यंत्र चालू ठेवून मीटर फिरवणे अवघड नाही. त्यावर उपाय आहेत. यंत्राच्या कंट्रोलरमधली कामाची नोंद, गिऱ्हाईकाचे जीएसटी बिल किंवा उद्यम क्रमांक (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा) आणि बँकेतून आलेले शुल्क, ही तिन्ही जुळली तरच तास धरावा. एका गिऱ्हाईकाचे दहा टक्क्यांहून जास्त तास अनुदानाला धरू नयेत, आणि एसपीव्हीच्या सदस्यांचे सगळे मिळून एक चतुर्थांशाहून जास्त नकोत. ही दुसरी अट महत्त्वाची. नाहीतर पाच संचालक आपापल्या कारखान्यांचे काम आत चालवतात आणि बाहेरच्याला 'यंत्र बिझी आहे' असे सांगितले जाते. यंत्रवार तासांचा तक्ता दर महिन्याला जिल्हा उद्योग केंद्राच्या फलकावर लावावा.

राज्याच्या अनुदानाचा हंगाम हा वेगळाच विषय आहे. निधी बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, दिसतो तेव्हा बहुधा फेब्रुवारी उजाडलेला असतो आणि ३१ मार्चला तो परत जाण्याची धास्ती असते. शेकर किंवा सीएमएम मागणीनुसार बनवून मिळायला चार ते सहा महिने लागतात. मार्चअखेर खर्च दाखवायचा तर विक्रेत्याकडे तयार पडलेले तेच घ्यावे लागते. गरजेचे यंत्र मागे राहते. किंवा पूर्ण रक्कम आगाऊ दिली जाते आणि मग विक्रेत्याला फोन उचलायची गरज उरत नाही. उपाय साधा आहे: रक्कम एका एस्क्रो खात्यात (ठरलेली अट पुरी झाल्यावरच पैसे सोडणाऱ्या बँक खात्यात) वर्ग झाली की सरकारी खर्च झाला असे मानावे, आणि खात्यातून विक्रेत्याला कार्यादेशाबरोबर ३० टक्के, माल निघण्याआधीच्या तपासणीनंतर ४०, बसवून नमुना तुकडा मोजून दाखवल्यावर २० आणि हमी संपल्यावर उरलेले १० टक्के जावेत. उपयोगिता प्रमाणपत्र या टप्प्यांवर द्यावे.

निविदेत सर्वात कमी दर हाच निकष ठेवला की काय होते, ते या धंद्यातल्या कोणालाही विचारा. यंत्र स्वस्त मिळते, सॉफ्टवेअरचा परवाना एका वर्षाचा असतो, मुंबईत सेवा अभियंता नसतो आणि प्रोब तुटला की दोन महिने परदेशाकडे डोळे. दर मागवताना पाच वर्षांचा देखभाल करार, वर्षाला एक कॅलिब्रेशन, नेहमी लागणाऱ्या सुट्या भागांचे भाव आणि ४८ तासांत अभियंता पोहोचण्याची अट हे सगळे धरूनच तुलना व्हावी. प्रशिक्षणही त्यात लिहावे. विक्रेता तीन-चार दिवस शिकवून जातो, तेही एकालाच. तो मुलगा वर्षभरात तळोज्याला किंवा चाकणला जास्त पगारावर जातो आणि यंत्र मुके होते. प्रत्येक यंत्रावर दोघे तयार हवेत, आणि सहा महिन्यांनी उजळणीचा दुसरा फेरा हवा. वागळेतल्या आयटीआयची मुले शिकाऊ उमेदवार म्हणून घेतली तर दुसरा माणूस स्वस्तात तयार होतो. नव्या धोरणात आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत सूक्ष्म इन्क्युबेटर काढण्याचे म्हटले आहे. त्यांना वेगळी खोली आणि पाटी देण्यापेक्षा या केंद्राशी जोडावे.

प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेचे पैसे आणि वेळही धरावेत. मान्यता नसलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल मोठा खरेदीदार फाइलला लावून घेत नाही. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ या मानकानुसार कार्यपद्धती लिहिणे, प्रत्येक मापनाची अनिश्चितता काढणे, संदर्भ गेजची साखळी दाखवणे, ही कामे एका जाणत्या माणसाला पूर्णवेळ काही महिने पुरतात. सुरुवातीला सगळ्या चाचण्यांना मान्यता मागू नये. लांबी-व्यासाचे मापन आणि सॉल्ट स्प्रे, एवढ्यांपासून सुरुवात केली तरी पट्ट्यातल्या कोटिंगवाल्यांचे आणि टर्निंगवाल्यांचे मोठे काम होते.

लोक येत नाहीत याचे आणखी एक कारण कुणी लिहीत नाही: भीती. आपले ड्रॉइंग शेजारच्या स्पर्धकाच्या हाती पडेल ही. एसपीव्हीचा अध्यक्ष त्याच धंद्यातला असेल तर ही भीती अनाठायी नसते. गुप्ततेचा लेखी करार, फाइल काम संपल्यावर पुसणे, नमुना झाकून ठेवायला कुलपाचे कपाट आणि संचालकांना यंत्रकक्षात मज्जाव, हे सुरुवातीपासून हवे. आणि वेळ! दहा ते साडेपाच, शनिवार-रविवार बंद, असे केंद्र लघुउद्योजकाच्या काय कामाचे? तो दिवसभर स्वतःच्या गाळ्यात अडकलेला असतो. दुपारी एक ते रात्री नऊ ही पाळी आणि शनिवार चालू ठेवला तर तेवढ्याच पगारात वापर वाढेल.

योजनांच्या दारात कोण अडतो, हेही पाहिले पाहिजे. स्टार्टअप म्हणून केंद्र सरकारची मान्यता घ्यायची तर खासगी मर्यादित कंपनी, एलएलपी, नोंदणीकृत भागीदारी अशी चौकट लागते, एकल मालकी चालत नाही. आपल्या पट्ट्यातले कित्येक डायमेकर, पॅनेलवाले एकल मालकीचे आहेत. नवी कल्पना त्यांच्याकडे असते, स्टार्टअपचा दाखला नसतो. पेटंटच्या खर्चाची प्रतिपूर्ती, चाचणी खर्चाची प्रतिपूर्ती हे राज्याचे लाभ त्या दाखल्यावर अवलंबून असल्याने ही मंडळी बाहेरच राहतात. शिवाय प्रतिपूर्ती म्हणजे आधी आपण खर्च करायचा. उद्योगांना सवलती देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत ठाणे तालुका विकसित म्हणून 'अ' गटात, त्यामुळे तिथूनही फारसे काही नाही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, पण तो नवा व्यवसाय काढणाऱ्यासाठी. पंधरा वर्षे गाळा चालवणाऱ्याने नवे उत्पादन काढायचे ठरवले तर तो त्यात बसत नाही.

यावर चाचणी कूपन हा मार्ग आहे. उद्यम नोंदणी असलेल्या कोणत्याही सूक्ष्म उद्योगाला, मग तो एकल मालकीचा का असेना, वर्षाला एक लाखाचे कूपन. ते सामायिक केंद्रात, एनएबीएलमान्य खासगी प्रयोगशाळेत आणि नमुना बनवण्यासाठी नोंदणीकृत जॉबवर्कवाल्याकडेही वटावे. चतुर्थांश रक्कम त्याने स्वतः भरावी, म्हणजे उगीच कुणी मागणार नाही. १,००० कूपने काढली आणि सगळी वटली तरी सरकारचा खर्च साडेसात कोटी, आणि त्यातला बराचसा पैसा पट्ट्यातल्याच गाळ्यांत फिरतो.

तपासलेली वस्तू विकत कोण घेणार? स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या उपक्रमांना सरकारी विभागांकडून सुरुवातीला १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत राज्याने सुरू केली, ती चांगली. प्रयोग यशस्वी झाल्यावर मात्र पुन्हा पूर्ण निविदा, आणि तिथे तीन वर्षांची उलाढाल मागतात. आपल्या दोन महापालिका इथे थेट काही करू शकतात. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण आहे, मलप्रक्रिया केंद्रे आहेत, एनएमएमटीच्या बसगाड्या आहेत. ठाण्याकडे टीएमटी आणि जुन्या जलवाहिन्या. गळती शोधणारे सेन्सर, पंपांच्या कंपनांची नोंद, झडपांचे सुटे भाग अशा वर्षाला दहा गरजा महापालिकेने लिहून जाहीर कराव्यात: आकार, दाब, तापमान, किती वर्षे टिकायला हवे, एवढ्या तपशिलात. 'नाविन्यपूर्ण उपाय सुचवा' या एका ओळीच्या जाहिरातीतून सादरीकरणेच येतात.

हैदराबादला तेलंगण सरकारने टी-वर्क्स हे ७८,००० चौरस फुटांचे नमुना निर्मिती केंद्र २०२३ मध्ये उघडले. तसे एखादे इनोव्हेशन सिटीत जरूर व्हावे. पण २५० एकरांचे भूसंपादन, आराखडा, रस्ते होईपर्यंत थांबायचे कारण नाही. दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ पासून सुरू आहे. ट्रान्स-हार्बरवर ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही स्थानके पट्ट्याला समांतर आहेत. त्यांच्यापासून पायी पोहोचता येईल असे दोन तळमजल्याचे गाळे, एक रबाळे-महापे भागात आणि एक वागळेत, एमआयडीसीने दहा वर्षांच्या भाड्याने द्यावेत. पोटभाडे आकार आणि वापर बदलाचे शुल्क माफ करावे, उद्योगांच्या परवानग्या एका ठिकाणी देणाऱ्या राज्याच्या मैत्री कक्षातून वीज, पाणी, अग्निशमन आणि प्रदूषण मंडळाची संमती एकत्र काढून द्यावी. पालिकेने मालमत्ता कराचा दर आधीच लेखी कळवावा. या पट्ट्यात त्या करावरून उद्योजक आणि पालिका यांच्यात कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत, नव्या केंद्राने त्यात पाय घालू नये.

ठाणे जिल्हा नियोजन समितीच्या निधीत नाविन्यपूर्ण योजनांसाठी स्वतंत्र तरतूद असते. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण हिवाळ्यात आकार घेतो. जिल्हा उद्योग केंद्राने त्यात एका केंद्राच्या पहिल्या वर्षाचे चालवण्याचे ८८ लाख आणि पहिल्या ५०० कूपनांचे पावणेचार कोटी मांडावेत, आणि पालकमंत्र्यांनी व पट्ट्यातल्या आमदारांनी तो प्रस्ताव बैठकीच्या विषयपत्रिकेवर येतो का, एवढे पाहावे.

आपले,
रबाळे व वागळे इस्टेट परिसरातील काही लघुउद्योजक